नाळेतलं रक्त

दोंडाईच्याजवळच्या त्या गावात मिशांना पीळ देत फिरणारा एकही गडी भागाबाईपुढे तोंड वर करून बोलत नाही. बोलणार कसा? जन्मल्या जन्मल्या त्याच्या पाठीत पहिली चापट मारली ती तिनंच! गावाला डॉक्टर नव्हता तेव्हा सुईण म्हणून हाक यायची ती तिलाच. सुटका झाली की घरचे गूळ वाटायचे, आणि ती ओसरीवर चहा पीत ऐटीत बसायची. ते दिवस आठवले की आजही तिचा जीव हळहळतो.

तिची एक रीत होती. नाळेतलं रक्त बोटांनी बाळाच्या पोटाकडे पुरतं सारल्याशिवाय ती नाळ कापायची नाही. एकदाच चुकली. शेतात एकटी असताना तिची स्वतःची सुगंधा झाली, आणि घाबरून तिनं नाळ चटकन कापली. पुढे सुगंधाच्या अंगात रक्त टिकेना. पोर पिवळी पडत गेली आणि शाळेत जायच्या वयात देवाघरी गेली. भागाबाईनं तो दोष मुकाट्यानं आपल्या माथी घेतला.

आता नातसून सारिका धुळ्याच्या दवाखान्यात बाळंतपणाला आली होती. नाळेतलं रक्त आजारी लेकरांसाठी दान करायचं तिनं ठरवलं होतं, पण आजीच्या होकाराशिवाय नाही.

भागाबाई भडकली. "पोऱ्यानं रगत पोऱ्यालेच! बठ्ठं! एक थेंब बी दुसराले नही!"

"बाळाचं बाळाला मिळू देतो, अक्का," सिस्टर ज्योत्स्ना म्हणाली. "नाळ कापल्यावर वारेत उरतं तेवढंच घेतो. काही लेकरांच्या अंगात रक्तच टिकत नाही, त्यांच्यासाठी."

भागाबाई तिच्याजवळ सरकली. "नाळ लवकर कापी म्हनीसन तसं व्हस का?"

"छे! तो आजार आईबापाच्या रक्तातून येतो. कापण्याचा काही संबंध नाही."

म्हातारी पदरात तोंड घालून ढसाढसा रडली. सारिका घाबरली. डोळे पुसून भागाबाई एवढंच म्हणाली, "उरेल ते ल्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा झाला. ज्योत्स्ना रक्ताची छोटी पिशवी घेऊन बाहेर आली, तशी भागाबाईनं तिला थांबवलं. पिशवी अजून कोमट होती. तिनं त्यावर तळवा ठेवला.

"मनी सुगंधाले इतलंच पाहिजे व्हतं," ती म्हणाली, आणि हात काढून घेतला.