अण्णाच्या काखेतली तुरटी

कंपनीच्या बसमध्ये चढला की बसायच्या आधी तो दोन्ही हात वर करायचा. दांडी धरायला नव्हे. हात वर ठेवूनच माझ्याकडे वाकायचा आणि विचारायचा, "डावी का उजवी? खरं सांग."

सकाळचे साडेसहा, पोटात नुसता चहा, आणि समोर सहा फुटी माणसाच्या दोन काखा. तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मी हुंगायचो. "उजवी बरी," म्हणायचो. मग तो खिशातल्या छोट्या वहीत फुली मारायचा आणि शेजारी बसायचा.

त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो कास्टिंग तपासायचा, आणि त्यानं पास केलेला माल मी गाडीत भरायचो. पंचतारांकित हा शब्द ऐकून माझी आत्या बरेच दिवस मला हॉटेलात नोकरी आहे असंच समजत होती. प्रत्यक्षात भट्टीच्या धगीनं माणूस दहा मिनिटांत निथळायचा. त्यात अण्णाचा घाम पैलवानाचा आणि कातडी तान्ह्या बाळाची. नवा बनियन घातला तरी अंगावर पुरळ उठायचं.

कामात मात्र भारी कडक. एकदा त्यानं अख्खी ट्रॉली परत पाठवली. मोठे साहेब खाली आले, म्हणाले, "अहो, केसभर तर फरक आहे." अण्णा म्हणाला, "केसभरच हाय साहेब. पन हाय की." ट्रॉली परत गेली. मी त्या दिवशी मनातल्या मनात त्याला पुष्कळ शिव्या दिल्या, कारण गाडी दारात उभी होती.

आता हे हुंगण्याचं काम माझ्या नशिबी आलं, त्याला जबाबदार मीच. डिओच्या बाटल्या तेव्हा आमच्यात नव्यानंच आल्या होत्या. अण्णा चौतिशीला आलेला, घरी एकटी आई, आणि तिला सुनेची घाई. तो कुरुंदवाडला मुलगी बघायला निघाला तेव्हा मी माझी बाटली त्याच्या हातात कोंबली. "दोन फवारे मार," म्हटलं. त्यानं अर्धी बाटली मारली.

पोहे येईपर्यंत काखेत आग लागली होती. अण्णानं आधी कोपर अंगावर घासलं, मग पाठ भिंतीला घासली, मग पाणी पिण्याच्या निमित्तानं उठून दाराच्या चौकटीला घासून आला. मुलीच्या काकांनी विचारलं, "पावण्यास्नी काय व्हालंय?" अण्णा म्हणाला, "काय न्हाय, उकडालंय." डिसेंबर महिना होता. तिसऱ्या दिवशी निरोप आला, मुलाला खरूज आहे.

आमच्याकडे खरजेपेक्षा खरजेची बातमी लवकर पसरते. आणखी दोन स्थळं न बघताच परत फिरली. अण्णाची आई, म्हणजे अव्वा, माझ्याशी बोलेनाशी झाली. मला खरंच वाईट वाटत होतं. माणसाचं लग्न माझ्या बाटलीनं मोडलं होतं.

कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, फवारे बंद, साधं काहीतरी लावा, आणि एका वेळी एकच वस्तू लावून बघा. आता अण्णा पडला माल तपासणारा. त्यानं एका वेळी एक याचा अर्थ एका काखेत एक असा घेतला. तुलना झाल्याशिवाय मालाची परीक्षा कशी होणार, असं त्याचं म्हणणं. आणि आपला वास आपल्याला येत नाही, म्हणून परीक्षक मी.

लिंबू आणि खायचा सोडा पहिल्याच दिवशी बाद झाला. दिवसभर तो दोन्ही हात अंगापासून फूटभर लांब धरून चालला, आणि नवा वॉचमन घाबरून त्याला दोनदा सलाम ठोकून गेला. मग वाळ्याच्या पुरचुंड्या आल्या. वास छान, पण शेजारी कुणी माठ घेऊन बसलंय असं वाटायचं. बेसन आणि दह्याचा लेप सुकला आणि साहेबांसमोर हात वर करताच बाहीतून त्याचे पापुद्रे टेबलावर पडले. खोबरेल तेलात आरारूट कालवून लावलं, ते बरं होतं, पण भट्टीपाशी गेल्यावर वितळून कमरेपर्यंत आलं.

शेवटी एका न्हाव्यानं तुरटीचा खडा दिला. आंघोळीनंतर ओल्या अंगावर दोनदा फिरवायचा, बस्स. आग नाही, पुरळ नाही, आणि संध्याकाळी परतीच्या बसमध्येही वास नाही. मी आठ दिवस हुंगलं आणि जाहीर केलं, "अण्णा, दोन्ही पास." त्याचा चेहरा असा उजळला की मलाच उगीच भरून आलं.

त्यातच जयसिंगपूरचं स्थळ आलं. मुलगी पसंत पडली, तिलाही हा पसंत. आता फक्त तिचे वडील घर बघायला कोल्हापूरला येणार होते. अण्णा मला म्हणाला, "बिघडवलंस तू, आता तूच शेजारी बस."

वडील बियाण्यांचे व्यापारी, कपाळाला भस्म, म्हणजे इभूत, लावल्याशिवाय घास न घेणारे. आल्यापासून हसले नव्हते. पानं वाढली, तसे ते हातपाय धुऊन देवघरापुढं बसले, तीन बोटं ओली केली आणि वाटीतल्या पांढऱ्या खड्यावर घासून कपाळावर ओढली. काहीच उमटलं नाही. पुन्हा ओढली. कपाळ कोरंच.

"अक्का, तुमची इभूत उमटंना की."

"जुनी हाय, जरा जोरात घासा," अव्वा स्वयंपाकघरातून म्हणाली.

त्यांनी जोरात घासलं. कपाळाची कातडी आवळली आणि भुवया वर चढल्या. अण्णानं माझ्याकडं बघितलं. खडा आम्ही दोघांनीही ओळखला होता. अव्वाला मोतीबिंदू. पोरगं देवाची वस्तू मोरीत टाकतंय, असं समजून तिनं सकाळी तो खडा तीनदा धुऊन देवघरात ठेवला होता.

मी अण्णाची मांडी दाबली. गप्प बसला असता तर जेवणं उरकली असती. पण तो उठला.

"मामा, थांबा. ती इभूत न्हवं. तुरटी हाय."

"तुरटी? दाढीची?"

वाट आयती मिळाली होती. मी जोरजोरात मान हलवायला लागलो.

"दाढीची न्हाय," अण्णा म्हणाला. "खाकंची."

"कुनाच्या?"

"माझ्या."

"दोनी?"

"व्हय. आज सकाळी दोनी."

ते मोरीत गेले. कपाळाला साबण लावल्याचा आवाज चार वेळा आला. परत येऊन मुकाट्यानं दोन भाकरी जेवले, भुवया तशाच वर. दारात चपला घालताना "कळवतो" म्हणाले आणि गेले. आमच्याकडे कळवतो म्हणजे नाही.

अण्णा पायरीवर बसला. मी चिडलो होतो. "दाढीची म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?"

"त्यांनी कपाळाला लावली की लेका," तो म्हणाला. डोळे पुसायला त्यानं तोंड फिरवलं. 

तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, तारीख धरा. अव्वानं मला बोलावून स्वतःच्या हातानं साखर भरवली.

दोन वर्षांनी सासऱ्यांना दुकान झेपेना, आणि अण्णा नोकरी सोडून जयसिंगपूरला गेला. त्याच्या जागी आलेला माणूस सगळा माल पास करतो. गाड्या वेळेवर सुटतात, आणि मला अण्णाची आठवण येते.

मागं एकदा त्याच्याकडं गेलो, तर तो सासऱ्यांना घेऊन कुरुंदवाडला गेलेला. वहिनींनी चहा टाकला. इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारून टाकलं, "एवढं झाल्यावर तुम्ही हो म्हणालात कसं?"

त्यांनी कप माझ्यापुढं सरकवला.

"आई गेल्यापासनं आप्पा दोन वर्सं हसलं नव्हतं. त्या दिवशी कोल्हापुरास्नं आलं, कपाळावर हात मारला आनि उंबऱ्यातच खाली बसलं. मला भ्याच वाटलं, म्हटलं रडालेत. जवळ जाऊन बघितलं तर हसालेत. पोट धरून. दम लागस्तोर. मी तितंच ठरवलं, ह्या मानसाचा वास कसला का असंना, ह्यो घरात पायजे."