मंदाकाकूंचा किनारा

मंदाकाकू बसून मणी शिवत नसत. लाकडी चौकटीवर रेशीम ताणलेलं, चौकट दोन स्टुलांवर उंच ठेवलेली आणि काकू सुई घेऊन तिच्याभोवती फिरत. दोन टाके या बाजूने, चार त्या बाजूने, मध्येच खिडकी, मध्येच चहाचं आधण. "मी बसली का लाट बी बसते वं," म्हणायच्या.

डिझाइनचा कोर्स संपवून मी त्यांच्या इतवारीतल्या खोलीत शिकायला गेले. मी फारशी बोलत नाही. इंग्रजी शाळेमुळे मराठी बोलताना अडखळते, म्हणून बोलणं टाळतेच. काकूंनी मला नीट पाहून घेतलं. "बोलत नाही? बरं आहे. दोघींचं मीच बोलीन."

त्या रेशमावर किनारे छापत. वाळू, खडक, माडांच्या सावल्या. रंग पक्का झाला की फेसाच्या रेषेवर काचेचे पांढरे मणी. प्रदर्शनात लोक विचारत, हा कुठला समुद्रकिनारा? काकू सांगत, "खापरखेड्याचा." समुद्रापासून इतक्या दूरचं गाव, म्हणून लोक हसत. पण ते खरंच होतं. काकांची नोकरी तिथल्या वीजकेंद्रात होती, आणि वसाहतीमागे कोळशाची राख सोडायच्या तलावाचं करडं पाणी वाऱ्याने काठावर सरकायचं. काकूंनी पाहिलेला समुद्र तेवढाच.

रेषा मनासारखी आली नाही की त्या उसवत. मग मात्र चिडचिड. "रेशमाले पडलेलं भोक बुजत नाही, पोरी." त्या भोकांवर मोठे मणी लावून ती झाकत.

मुलगा रत्नागिरीला. त्याने दोनदा तिकीट काढलं, दोनदा काकूंनी रद्द करायला लावलं. एकदा मी धीर करून कारण विचारलं. फिरता फिरता त्या थांबल्या.

"खरा समुद्र पाह्यला अन् माह्या हातातला खोटा निघाला तं? मंग मी काय करू? भाजी निवडत बसू?"

शेवटी नातीच्या वाढदिवसाने त्यांना नेलं. चौकटीवर एक स्टोल जवळजवळ पूर्ण होता. मी त्याला हात लावला नाही.

परतल्या त्या दिवशी त्यांनी पिशवी दारातच टाकली, कात्री घेतली आणि त्या स्टोलची फेसाची अख्खी रेषा उसवायला लागल्या. मणी फरशीवर घरंगळत गेले. त्यांना वाटत होती ती भीती खरी ठरली, असंच मी समजले.

"काकू, चहा ठेवू?"

"ठेव."

शेवटचा मणी सुटल्यावर त्यांनी चौकट खिडकीशी उभी धरली. भोकाभोकांतून उजेड आला.

"पाणी मांगं गेलं ना, का ओल्या वाळूत अशीच बारीक भोकं राह्यतात. बुडबुडे निघतात त्याच्यातून. अन् मी इतकी वर्सं झाकून राहिली होती."

मग चौकट पुन्हा स्टुलांवर ठेवून, उघड्या भोकांच्या चार बोटं खाली, त्यांनी फेसाची नवी रेषा सुरू केली. उभ्यानेच.

गेल्या हिवाळ्यात मुलाने त्यांना कायमचं रत्नागिरीला नेलं. खोली आता मी चालवते. सकाळी फोन येतो, मागे लाटांचा आवाज, आणि त्या चालत असल्यामुळे लागलेला दम. "काय वं, उभी आहेस ना?"

तो स्टोल मी विकत नाही, भिंतीवर असतो. परवा एका बाईंनी त्या भोकांवर बोट ठेवलं. "हा डिफेक्टिव्ह आहे का?"

एरवी मी नुसती मान हलवली असती.

"नाही," मी म्हटलं. "पाणी आत्ताच मागे गेलंय."