घरी नेणाऱ्याची सही

शिवणवाल्या बाई मशीनशी बोलतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. दोरा तुटला की त्या मशीनचा उद्धार करत, शिवण सरळ आली की शाबासकी देत. त्यांची आत्या ते ऐकून हमखास म्हणायची, ‘‘पणजीवर गेलीय अगदी!’’

पणजी म्हणजे आत्याची आजी. मूल, म्हणजे बाईंचे आजोबा, महिन्याचं असताना तिला वेड लागलं, इस्पितळात ठेवलं, तिथंच ती गेली. घरात तिची आठवण एवढीच. बाईंनी ते टोमणे कधी मनावर घेतले नव्हते. पण आता त्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती आणि आत्यानं तिच्यापुढेही तीच टकळी लावली. पोरीची झोप उडाली.

‘‘आई, बाळ झाल्यावर माझंही तसंच झालं तर?’’

बाईंनी कात्री ठेवली आणि ते इस्पितळ गाठलं. जुन्या कागदांच्या खोलीतल्या कारकून बाईंनी आधी कपाळावरचाच चष्मा टेबलभर शोधला. मग आजोबांच्या जन्माचं साल विचारलं आणि दोन-तीन गठ्ठे झटकून एक पान काढलं.

‘बाळंतपणानंतरचा ताप. तापात बरळते.’ खाली, दोन महिन्यांनंतरची नोंद: ‘पूर्ण बरी. घरी नेण्यास हरकत नाही.’

‘‘म्हणजे वेड नव्हतंच?’’

‘‘ताप होता हो. उतरला.’’

बाईंच्या छातीवरचा धोंडाच उतरला. त्या तिथंच स्टुलावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसले. ‘‘मग ती घरी का नाही आली?’’

‘‘घरचं माणूस आल्याशिवाय सोडत नसत तेव्हा.’’ कारकून बाईंनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. ‘घरी नेणाऱ्याची सही’ आणि ‘नातं’, दोन्ही जागा कोऱ्या होत्या.

बाईंना असा संताप आला, की तेव्हाच्या घरच्या सगळ्यांना ओळीनं उभं करून झोडावं. पण ते आपलेच पूर्वज, हे ध्यानात येऊन त्या नुसत्याच धुमसत राहिल्या. पुढच्या पानांवर पणजी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागलेली होती. एके ठिकाणी तर कोठीवाल्याशी भांडल्याची तक्रारही होती. तो तेल कमी मोजतो, असं तिचं म्हणणं. चौकशीत ते खरं निघालं होतं.

‘‘हे मात्र आमच्यातच आहे,’’ बाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या.

घरी येऊन त्यांनी पानांची नक्कल मुलीपुढे ठेवली. पोरीनं ती पुन्हा पुन्हा वाचली. मग बाईंच्या मापं लिहायच्या पेनानं तिनं कोऱ्या जागी सही केली. शेजारी नातं लिहिलं: खापरपणती.

‘‘चल गं घरी,’’ ती कागदाला म्हणाली.

मग तिथंच, कापडाच्या ढिगावर डोकं टेकून, तिला गाढ झोप लागली. गिऱ्हाईक दारात खोळंबलं होतं, तरी बाईंनी मशीनला हात लावला नाही.