मेलेल्या भावानं शिकवलेलं फ्रेंच

मला फ्रेंच येतं म्हटलं की नातसुना तोंडावर पदर धरून हसतात. हसू द्या. सारंगखेड्याच्या तापीकाठी, घोडी धुता धुता शिकले मी ते. आणि शिकवलं ते माझ्या थोरल्या भावानं, ज्याच्या तेराव्याचं जेवण आम्ही त्याआधी दोन वर्षं मागेच जेवून बसलो होतो. आता ऐका, नीट सांगते.

भावाचा हात जनावरावर फार चांगला. आमच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथं बुजलेलं घोडं आवरायला त्यालाच हाक मारत. पहिलं मोठं युद्ध सुरू झालं तेव्हा सरकारला खेचरं हाकणारी माणसं हवी होती. तो गेला. लग्नाला दोनच वर्षं झालेली, वहिनी माझ्याहून थोडीशीच मोठी. वडील नव्हते, घरात काकांचा शब्द चाले.

पुढं काहीच कळेना. मग नदीपलीकडच्या गावचा एकजण लढाईवरून परत आला, म्हणाला, त्यांच्या तळावर तोफगोळा पडला, माणूस राहिलं नाही की खेचर. काकांनी भटजींना विचारलं. देह नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. तसं केलं. त्या दिवशी वहिनी एवढंच म्हणाली, "माले नही पटत त्या गयात असं." म्हणजे, ते गेले असं मला पटत नाही.

काका तिच्यावर खेकसले, "तुले इचारी ऱ्हायनू का मी?"

बांगड्या फोडल्या. आमच्यात पाटाची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची, चाल आहे, पुढं काकांनीच तिचा पाट लावून दिला, धानोऱ्याला. माणूस शेतीवाला, शांत. जाताना ती मायच्या गळ्यात पडली नाही की रडली नाही. ओसरीवर भावाचा लगाम टांगलेला होता, त्याच्यावरून हात फिरवला आणि गाडीत बसली.

आणि मग तो आला. पाय ओढत, खांद्यावर पिशवी, भर दुपारी. शेजारीण किंचाळत घरात पळाली. माय मात्र अंगणात धावली आणि सगळ्यांवर ओरडली, "मन्हा पोऱ्या शे! भूत ऱ्हातं तं लंगडतं का?"

त्याला खेचरानं लाथ मारली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. गोळा पडला त्याच्या आधीच त्याला तिकडच्या एका फ्रेंच शेतकरी म्हातारीच्या घरी ठेवलेलं. पुढं दवाखाने झाले, दुसऱ्या पलटणी झाल्या, आणि आमच्याकडे त्याचा धूर झाला.

पण घरात घ्यायचं कसं? भटजी म्हणाले, ज्याला अग्नी दिला त्यानं पुन्हा जन्मायला हवं. म्हणून त्या दाढीमिशीवाल्या गड्याला तुपानं माखून न्हाऊ घातलं, मायच्या मांडीवर बसवलं, आणि बायकांनी बारसं केलं. "बाळले मिशा शेतस वं माय!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. तोही हसला. कानात नवं नाव सांगितलं. जुनं जळालं, ते आता घ्यायचं नाही. मायला ते नवं नाव कधी जमलंच नाही, ती त्याला शेवटपर्यंत बाळ म्हणाली.

त्यानंतर भटजी सहज बोलून गेले, "आता त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं, की विधी पुरा झाला." हसणं तिथंच थांबलं. त्याला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

काकांची मान खाली. शेवटी म्हणाले, चूक आमची, तू फक्त हो म्हण, पंचांना बसवतो, तिला धानोऱ्याहून सोडवून आणतो. भाऊ हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मायनं मात्र हिरवं लुगडं आणि बांगड्या आणून पेटीत ठेवल्या. घरातला प्रत्येकजण एकाच गोष्टीची वाट बघत होता, तो कधी तोंड उघडतो याची.

तो तोंड उघडायचा ते माझ्याजवळ, नदीवर, आणि तेही फ्रेंचमध्ये. त्या म्हातारीच्या नातवाचं फाटकं शाळेचं व्याकरण त्याच्या पिशवीत होतं. भाऊ पाय मोडून पडलेला असताना तो मुलगा त्याला वाचून दाखवायचा. भाऊ मराठी पाचवी झालेला, मला तर अक्षरंसुद्धा त्यानंच शिकवलेली. पहिल्यांदा मी वाटेल ते शब्द गोळा केले, घोडी, पाणी, भाकर. मग एक दिवस तो म्हणाला, आज तुला खरी गंमत सांगतो.

म्हणाला, आपण म्हणतो, 'तू उनी, बरं व्हयनं,' तू आलीस, बरं झालं. दोन वाक्यं शेजारी ठेवली, संपलं. त्यांचं तसं नाही. गोष्ट होऊन गेलेली असली, तरी तिच्यापुढं मन आलं, म्हणजे आनंद, भीती, शंका, हळहळ, की मागचं क्रियापद वेगळ्या रूपात बोलायचं. ठाऊक आहे, पाहिलं आहे, असं म्हटलं तर साधंच रूप. पण भीती वाटते, बरं वाटतं, पटत नाही, यांच्यामागं 'क' यायचा आणि रूप बदलायचं.

"ते बनवायचं कसं?"

"दोन घोड्यांचा टांगा. पुढे लहान घोडं, मांगे मोठं."

"आनि मन कोठे बठस?"

"मन हाकलनारा शे," तो म्हणाला.

लहान घोडी दोनच. एक 'असणं'वालं, त्याचं वळलेलं रूप स्वा: झ स्वा, त्यू स्वा, इल स्वा. दुसरं 'जवळ असणं'वालं, त्याचं ए: झे, त्यू ए, इल ए. आम्ही म्हणजे स्वायों आणि एयों, तुम्ही म्हणजे स्वाये आणि एये. मोठं घोडं म्हणजे जे काम झालं ते: खाल्लं, दिलं, आली, गेली. येणं, जाणं, जन्मणं, मरणं यांना पुढं स्वा जुंपायचा. बहुतेक बाकी सगळ्यांना ए. घोडीनं माझी भाकर ओढली की मी ओरडायची, "झे पर क ला झ्यूमाँ ए मांझे!" मला भीती वाटते, घोडीनं खाल्लं. तो पोट धरून हसायचा.

स्वा असला आणि बाई आली असली, तर त्या मोठ्या घोड्याला शेवटी एक अक्षर जास्त लागतं. आली, गेली यांत ते कानाला ऐकूच येत नाही. लिहिताना फक्त दिसतं.

एकदा मी त्याला पुतळ्याच्या दिवसाची गोष्ट सांगितली, वहिनी काय म्हणाली ती. तो घोडीची आयाळ विंचरत राहिला. मग म्हणाला, "झ न क्र्वा पा किल स्वा मोर. मला नाही वाटत तो मेला. असं म्हणतात." आणि मला ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हणत राहिले, तो ऐकत राहिला.

थंडीत यात्रा भरली. कळलं, धानोऱ्याची गाडी आली आहे. काकांनी पंचांना निरोप धाडून ठेवला. माय पेटीतलं लुगडं काढून मांडीवर घेऊन बसली. भाऊ मला सकाळीच म्हणाला होता, "आज इचारस तिले." त्यानं दाढी केली होती.

वहिनी घोड्यांच्या रांगेजवळ आली. कडेवर पोर होतं. तिचा धनी मागं उसाच्या गाडीपाशी थांबला, मुद्दाम पाठ करून. तेवढं त्या माणसाचं मोठेपण मी कधी विसरले नाही.

आता परक्याची बायको, ती त्याच्याशी सरळ बोलणार कशी? ती माझ्याकडं बघून बोलली, "नणंदबाई, पाय दुखस का त्यास्ना?"

तो म्हणाला, "सांग तिले, थंडीम्हा दुखस."

पोरानं घोडीची आयाळ मुठीत धरली. भावानं ती मूठ हळूच सोडवली, तर त्यानं भावाचं बोट धरलं. भाऊ म्हणाला, "काय नाव ठेवं?"

वहिनीनं खाली बघितलं. चेहरा लालेलाल झाला. म्हणाली, "रडा रडा करे. डोसी म्हने, पहिला धनी पोटले उना शे, त्यान्हंच नाव ठेवा. ह्यास्नी बी हां भरी. नाव ठेवं नि उगा राह्यना."

डोसी म्हणजे तिची तिथली म्हातारी सासू. मेलेलं माणूस पोटी आलं की पोर त्याचं नाव मागत रडतं, आणि ते ठेवलं की गप्प होतं, असं आमच्याकडं मानतात. आणि आमचा मेलेला तर तेव्हा समुद्रापलीकडं ताठ पाय ओढत जिवंत हिंडत होता.

मग ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. "पह्यले कधी तोंडम्हा लिधं नही वं नणंदबाई. आते दिनभर तेच लेस."

नवऱ्याचं नाव बाई घेत नाही. दोन वर्षं संसार केला तेव्हा घेतलं नव्हतं. आता चुलीपाशी, अंगणात, झोपवताना, ती त्यालाच हाक मारत होती.

भाऊ बोटाकडं बघत होता. मग तो बोलला, पण आमच्या बोलीत नाही. "झ स्वी कोंताँ क त्यू ल्वी ए दोने मों नों."

"काय म्हनतस त्या?" वहिनीनं मला विचारलं.

मी सांगितलं, "म्हनतस, तू त्याले मन्हं नाव दिधं, माले बरं वाटनं."

तिनं पदर डोळ्यांना लावला नाही. पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली. भावानं तिला काही विचारलं नाही, आणि पुढं कधीच विचारलं नाही. पंच जेवून गेले. ते लुगडं माझ्या लग्नात मला नेसवलं.

काही वर्षांनी छातीच्या दुखण्यानं तो गेला, या वेळी खराखुरा. देह होता, पळसाची पानं लागली नाहीत. राख सोडायला आम्ही नदीवर गेलो तेव्हा धानोऱ्याची गाडी काठावर उभी होती. वहिनी दूर दगडावर बसलेली. तिचा मुलगा खेळता खेळता पाण्याकडं धावला, आणि तिनं घाबरून हाक मारली. ते जुनं नाव, मोठ्यानं, सगळ्या काठावर.

माझ्या शेजारी बसलेल्या मायनं चटकन मान वर केली आणि कपाळावर हात आडवा धरून नदीकडं बघू लागली.