मागच्या काचेची कडी

नव्या रबराचा वास आला, की आजही माझा जीव वरखाली होतो. मला सातवा महिना लागला होता आणि उचगावच्या एका शेडमध्ये आमच्या नव्या पिकअपच्या केबिनला मागची काच बसवायची होती. मिस्त्री रबर हातात घेऊन खोळंबला होता. "फिक्सच बसीव," सासरे म्हणाले, "गगनबावड्याकडं धो धो पावसात भाजी न्यायची हाय, सरकत्या काचंतनं पानी आत येतंय." आजूबाजूला पत्र्यावर हातोडे वाजत होते, उकडत होतं, मला उभं राहवत नव्हतं आणि टेकायला जागा नव्हती. कसलीही बसवा, पण आटपा, असं मला झालं होतं. तेवढ्यात चारचौघांत सासऱ्यांपुढे कधी तोंड न उघडणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "पुढं तुमी बसनार, मागं हौद्यात आमी. पोरीला वाटंत कळा आल्या तर हाक कुठनं मारायची?" सासरे घुटमळले, मग म्हणाले, "सरकती बसीव." काच बसली, मला हायसं वाटलं. सासूबाई मात्र हौद्यात चढल्या आणि काच ढकलून बघू लागल्या. ती हलेना. कडी केबिनच्या आतल्या बाजूला होती. "आतच असती की, मावशी," मिस्त्री म्हणाला. "मग भाईरनं लाव. हाक आमाला मारायची हाय." मिस्त्रीने सासऱ्यांकडे पाहिलं; ते दुसरीकडेच बघत होते. मिस्त्रीने कडी हौद्याच्या बाजूने बसवली. आता मी मुलाच्या गाडीत मागे बसते. काचा तो पुढूनच बटण दाबून बंद करतो, आणि माझा हात दारावर उगाच कडी शोधत राहतो.