पडदेमामांचे खांदे

पडदा वर जातो तेव्हा दिसतं एक सभागृह. भिंतीला खेटून रचलेल्या खुर्च्या, जमिनीवर सतरंज्या, त्यांवर डोळे मिटून आडवी झालेली निम्मी गल्ली. आणि मधोमध आमचे पडदेमामा, खांदे कानांना भिडलेले.

मामांनी आमच्या नाटक कंपनीचा पडदा जन्मभर ओढला. मखमली, रेड्यासारखा जड. दोर अडकवायचा आकडा पहिल्याच वर्षी तुटला. मालक म्हणाले, "बघू." त्यांचं बघून होईपर्यंत मालकच संपले. तोवर मामा अख्खा अंक दोर मनगटाला गुंडाळून उभे. एकदा माशी हाकलायला हात सैल सोडला, तर पडदा थेट माझ्या मुकुटावर. मी सम्राट होतो. उरलेलं भाषण मखमलीच्या आतून केलं. तेव्हापासून विंगेतून 'खाली कुणी नाही' असे टाचेचे दोन ठोके ऐकल्याशिवाय मामांनी दोर सोडला नाही.

कंपनी बुडाली, दोर गेला, खांदे तसेच राहिले. झोपही उडाली. तेल झालं, शेक झाला, डॉक्टर झाले. मामी मला म्हणाल्या, "हे रात्रभर कण्हतात, मी छताकडे बघत पडते. असंच चाललं तर माहेरी जाईन."

"माहेरी आता कोण आहे?"

"कुणी नाही. म्हणून तर झोप लागेल."

म्हणून मी आणि मामींनी मामांना या ध्यानवर्गात आणलं. गुरुजींचं म्हणणं, शरीराच्या गाठी सुटल्या की आत्मा जागा होतो. भोवती आत्मे भराभर जागे होत होते. शिंपीणबाई हमसून रडत होत्या, पोस्टमास्तर खुदुखुदु हसत होते.

"सोडा, मामा," गुरुजी म्हणाले. "सगळं सोडून द्या."

"खाली कोण आहे?"

"कुणी नाही. फक्त शून्य."

"तुम्हाला तिथून दिसत नसेल." मामांच्या मुठी आणखी आवळल्या.

गुरुजींना घाम फुटला. मी मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. गुडघ्यांवर हात रेटून उठलो आणि जमिनीवर टाच आपटली. दोनदा.

मामांची मूठ उघडली. खांदे कानांपासून सुटून हळूहळू खाली आले, सतरंजीला टेकले. एक लांब उसासा, मग घोरणं.

"समाधी," गुरुजी भारावून कुजबुजले.

"जे काय असेल ते," मामी म्हणाल्या, "उठवू नका."

बाकीच्या सतरंज्या गुंडाळून झाल्या, तेव्हा मामांनी डोळे उघडले. गुरुजी हात जोडून वाकले. "काय अनुभव आला?"

मामांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मान वळवली, ती वळलीही, आणि मला शोधलं.

"राजे, खाली कुणी सापडलं नाही ना?"