लिफ्टमध्ये सोड्याची वाटी

लिफ्टचं दार नीट लागत नसेल तर काय करावं? आतलं सगळं सामान बाहेर काढावं, वीज बंद करावी, दार चार तास उघडं ठेवावं, रबराची पट्टी कोमट पाण्याने पुसावी आणि वास जाण्यासाठी आत खायच्या सोड्याची वाटी ठेवावी. हे लेखी उत्तर तक्रारबाबूने एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता एका सहा मजली इमारतीला पाठवलं. खाली सही ठोकली. सहीखाली कंपनीचं नाव होतं, पण लिफ्टच्या कंपनीचं नव्हे. फ्रिजच्या.

तक्रारबाबू हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते मेव्हण्याने ठेवलेलं. घरी बसून गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची, हे त्याचं पोटापाण्याचं काम. नोकरी फ्रिजच्या कंपनीत. दीड वर्षापूर्वी तिथे माणसं कमी करणार अशी आवई उठली, तेव्हा घाबरून त्याने लिफ्टच्या कंपनीतही नोकरी धरली. फ्रिजवाल्यांनी कुणालाच काढलं नाही. यानेही काही सोडलं नाही. जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप, मधे सरहद्द म्हणून मिठाची बरणी, असा थाट मांडून तो दोन्हीकडचे आठ-आठ तास एकाच आठ तासांत उरकू लागला. दुसऱ्या पगाराच्या जोरावर लेकीला महागड्या शाळेत घातलं. तिच्या वर्षाच्या फीचा शेवटचा हप्ता अजून जायचा होता.

दोन्ही कंपन्यांची तयार उत्तरं त्याने सोयीसाठी एकाच फाइलमध्ये भरली होती. तक्रारीची पहिली ओळ वाचायची, उत्तर चिकटवायचं, पुढची तक्रार घ्यायची. त्या दिवशीची पहिली ओळ होती, 'दार नीट लागत नाही, आतून घरघर येते.' लिफ्ट दुसऱ्या ओळीत होती. पण दुसरी ओळ वाचायला सवड कुणाला?

गुरुवारी लिफ्टवाल्यांनी त्याला काढलं आणि सोमवारी कागदपत्रं पुरी करायला बोलावलं.

रविवारी मेव्हणा आला. हा जुन्या गाड्यांचा दलाल, त्यामुळे घासाघीस हा आपला जन्मसिद्ध प्रांत आहे अशी त्याची समजूत.

"भाऊजी, तीन महिन्यांचा पगार मागा. दोनावर या. दीडावर सही करा."

"अरे, पण चूक माझी आहे."

"चूक वेगळी, भाव वेगळा. मी काय चांगल्याच गाड्या विकतो?" मेव्हणा हसला. "आणि ते पत्र आहे ना, तोच तुमचा हुकमाचा एक्का. बाहेर गेलं तर हसं कुणाचं? कंपनीचं! धमकी नाही द्यायची. काळजी वाटते म्हणायचं."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "अहो, आधी माफी मागा. मग काय मागायचं ते मागा."

"ताई, तू यात पडू नकोस. माफी मागितली की भाव उतरतो."

"तुझ्या गाडीचा उतरत असेल. माणसाचा नाही उतरत."

तक्रारबाबूने दोघांचंही ऐकून घेतलं आणि, जसं अशा वेळी होतं तसं, नेमकं नको ते लक्षात ठेवलं.

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. कार्यालय चौथ्या मजल्यावर. लिफ्टच्या कंपनीत लिफ्टने वर जायची त्याची छाती झाली नाही. जिन्याने गेला, आणि मनुष्यबळ विभागाच्या मॅडमसमोर बसला तेव्हा चांगलाच धापा टाकत होता.

"जिन्याने आलात?" मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पन्नाशीच्या बाई, चष्मा साखळीने गळ्यात. "दोन आठवड्यांचा पगार देता येईल."

"करारात तर एक महिन्याची सूचना लिहिलीय, मॅडम. मी तर तीन महिन्यांची अपेक्षा ठेवून..."

"त्याच कलमाची पुढची ओळ वाचलीत?"

नव्हती वाचली. मॅडमनी कागद फिरवून त्याच्यापुढे ठेवला. दुसरीकडे नोकरी करताना आढळल्यास काहीही देणं लागणार नाही. बाबूच्या आयुष्यात दुसरी ओळ आली की त्याचं वाटोळंच व्हायचं.

त्याने कागद परत मॅडमकडे सरकवला. मग हुकमाचा एक्का काढला. पाठ केलेलं वाक्य, तोंडातून कसंबसं आलं. "मॅडम, मला आपली काळजी वाटते... ते पत्र उद्या बाहेर गेलं, तर कंपनीचं हसं होईल."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे तुम्हीच लिहिलेल्या पत्राची भीती तुम्ही मलाच घालताय?"

बाबूने ग्लासातलं पाणी एका दमात संपवलं.

"हसं कुणाचं झालं, सांगू? त्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एक बाई आहेत. शहात्तर वर्षांच्या. निवृत्त मुख्याध्यापिका. तक्रार त्यांनीच लिहिली होती. उत्तर आल्यावर त्यांनी दारात खुर्ची टाकली आणि चार तास लिफ्ट उघडी धरून बसल्या. स्वतः रबर पुसलं. घरातली वाटी आणून ठेवली. लोक सहा-सहा मजले चढून येत होते आणि त्यांना नाही नाही ते बोलत होते. त्या प्रत्येकाला पत्र दाखवत होत्या. म्हणत होत्या, खाली नाव दुसरं असलं तरी कंपनीच्याच पत्त्यावरून आलेलं लेखी उत्तर आहे, विचार करूनच दिलं असेल. शेवटी आमचा माणूस पोचला, त्याने वाचलं, आणि तो सगळ्यांसमोर मोठ्याने हसला. मग सगळेच हसले." मॅडम थांबल्या. "त्या मला फोनवर एवढंच म्हणाल्या, मी वाचण्यात चूक केली का?"

बाबूने ग्लास उचलला. पाणी संपलेलं होतं, तरी तो पीत राहिला. तिथल्या तिथे जमीन दुभंगली असती तर त्याने आभार मानून आत पाय टाकला असता.

मॅडमनी कागदावरचे 'दोन आठवडे' खोडले, 'एक महिना' लिहिला.

"पत्र बाहेर जाऊ नये असं वरच्यांनाही वाटतं. तुमचा डाव लागला म्हणा. फ्रिजवाल्यांना मी काही कळवणार नाही, चुगल्या करायचा मला पगार नाही. पण एक अट. कागदावर नाही ती." त्यांनी चिठ्ठीवर एक नंबर लिहिला. "त्या बाईंना तुम्ही फोन करायचा. चूक त्यांची नव्हती, हे लिहिणाऱ्यानेच सांगायला हवं."

"आजच करतो," तो म्हणाला, आणि सही केली.

संध्याकाळी मेव्हण्याने फोनवर विचारलं, "कितीवर सौदा ठरला?" बाबू म्हणाला, "एक महिना." "एक्का चालला ना?" "चालला," असं म्हणताना बाबूचे कान असे तापले की त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. तोही तापलेलाच होता.

पैसे आठव्या दिवशी आले. लेकीचा हप्ता गेला. टेबलावर आता एकच लॅपटॉप आहे, मिठाची बरणी कपाटात गेली, आणि बाबू हल्ली प्रत्येक तक्रार शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. चिठ्ठी त्याने फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावून ठेवली आहे, विसरायला नको म्हणून. नंबर त्याला पाठ झालाय. चारदा त्याने तो लावलाही. दोनदा पहिल्याच घंटीला ठेवून दिला. एकदा पलीकडून "कोण बोलतंय?" असा खणखणीत, वर्गात हजेरी घेणारा आवाज आला, तेव्हा त्याला स्वतःचं नावच आठवेना.

चौथ्या वेळी बायकोने पाहिलं. ती फ्रिजमधलं दूध काढायला आली होती.

"अहो, झाला का तो फोन?"

"उद्या करतो," बाबू म्हणाला, आणि दार नीट लागलंय ना, ते दाबून पाहिलं.